दिलेली तारीख

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक दिनदर्शिका अडकवलेली असते. सोलापुरातल्या बहुतेक घरांत असते तशीच. तिच्यावर दुधाचा रतीब, गॅसची टाकी लावल्याचा दिवस आणि नळाला पाणी येण्याचा दिवस लिहिलेला असतो, कारण आमच्या भागात पाणी रोज येत नाही आणि पाण्याचा दिवस चुकला तर पुढचे चार दिवस घर कोरडे पडते. २०२४ सालची दिनदर्शिका मी अजून रद्दीत टाकलेली नाही. जुलै ते ऑक्टोबर या चार पानांवर पाण्याच्या खुणांखेरीज निळ्या शाईने अनेक चौकटींत एकेक अक्षर लिहिलेले आहे. ‘ग’ म्हणजे गवंडी, ‘श’ म्हणजे शेजारचे काका, ‘म’ म्हणजे आमची जुनी मोटार घेणारे गृहस्थ. ज्यांनी ज्या दिवशी येतो, करतो किंवा कळवतो असे सांगितले, त्या दिवसाच्या चौकटीत त्यांचे अक्षर. गवंड्याची अकरा अक्षरे आहेत. त्यांपैकी तीन दिवशी ते आले.

कोणाला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. काम उशिरा होते याचाही मला फारसा राग येत नाही, कारण उशीर कोणाच्या हातून होत नाही? मला त्रास होतो तो दिलेल्या तारखेचा. तोंडावर ‘नाही’ म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते, म्हणून माणसे ‘गुरुवारी येतो’ म्हणून मोकळी होतात. सांगणाऱ्याचे त्यात काही जात नाही, पण ऐकणाऱ्याची गुरुवारची रजा जाते, घरातल्या खोलीतले सामान हलवून ठेवलेले असते, पाण्याचा टँकर सांगून ठेवलेला असतो आणि संध्याकाळी पाच वाजता फोन केला की पलीकडून ‘उद्या नक्की’ असे उत्तर येते.

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब पाहते. माझे पती पुण्यात नोकरीला आहेत. शनिवारी संध्याकाळी ते तिथून हुतात्मा एक्स्प्रेसने निघतात आणि सोमवारी पहाटे त्याच गाडीने परत जातात. घरात सासूबाई, मी आणि शाळेत जाणारी मुलगी. त्यामुळे घराचे, गाडीचे आणि शेजारपाजारचे सगळे व्यवहार माझ्याकडेच असतात. असे असूनही दारात आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘साहेब कधी असतात?’ साहेब रविवारी असतात असे कळले की त्याच्या बोलण्यातला नेटकेपणा कमी होतो. एकाच माणसाने माझ्या पतींना दिलेली तारीख आणि मला दिलेली तारीख यांच्यात मी फरक पाहिलेला आहे. पुरुषाला दिलेली तारीख मोडली तर त्याची सबब सांगावी लागते. बाईला दिलेली मोडली तर तीही सांगावी लागत नाही.

आमचे घर जुळे सोलापूर या भागात, एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांच्या रांगेत आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीचे बांधकाम. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे, आणि सोलापूरच्या उन्हात कोबा काय सोसतो हे गच्चीवर अनवाणी गेलेल्यालाच कळते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो, दिवसा कोबा ताणतो, रात्री आक्रसतो, आणि अशी वर्षे गेली की त्याला केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरांतून पावसाचे पाणी आत झिरपते, उताराने कडेला येते आणि स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचते. गंजलेले लोखंड फुगते, मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा मागते आणि खालचे सिमेंट ढकलून देते. सासूबाईंच्या खोलीच्या छताला आधी चहाच्या डागासारखी तपकिरी कडी दिसली, मग पोपडे आले, आणि जूनमधल्या एका रात्री तळहाताएवढा गिलाव्याचा तुकडा त्यांच्या उशाशेजारी पडला. वर पाहिले तर वीतभर सळई उघडी झालेली होती आणि तिला बोट लावले की लालसर पूड गळत होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतःच पलंग भिंतीपासून दूर ओढून घेतला. मला ती रात्र फार लागली.

उन्हाळ्यातच हे काम करून घ्यायला हवे होते, असे सगळे म्हणतात. पण २०२४ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे उजनी धरण वजा पातळीत, म्हणजे तळच्या मृत साठ्यात, गेलेले होते आणि नळाचे पाणी पिण्यापुरते जपावे लागत होते. सिमेंटच्या कामाला पाणी मारावे लागते. नवा कोबा निदान सात दिवस ओला राहिला नाही तर तो पुन्हा भेगाळतो आणि सगळा खर्च वाया जातो. ज्या शहरात पाणी दिवसांआड येते तिथे ‘सात दिवस पाणी मारा’ हे चार शब्द किती जड आहेत हे बाहेरच्याला समजणार नाही. ऑगस्टमध्ये पुणे भागातल्या पावसाने उजनी भरली, तेव्हा आम्ही धीर केला.

गवंडी ओळखीच्या घरातून मिळाले. कामाचा माणूस, हात सुबक, वय पन्नाशीच्या आसपास. हजेरीवर, म्हणजे रोजाने, काम द्यायचे की अंगावर, म्हणजे सगळे मिळून ठरलेल्या रकमेला, यावर आम्ही बरेच बोललो आणि शेवटी अंगावर दिले. त्यांनी गच्चीवर उकिडवे बसून करणीच्या मुठीने कोबा ठोकून पाहिला. जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल केले. सव्वीस गोल झाले. मी शेजारी उभी राहून ते मोजत होते. ‘ताई, एवढं फोडायचं, खालचं धुऊन घ्यायचं, मग नवा माल. आठ दिवसांचं काम हाय. सोमवारी माणसं घेऊन येतो की वो.’ मी उचल दिली, सोमवारची रजा टाकली, सासूबाईंचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला.

सोमवार गेला. मंगळवारी फोन लागला नाही. बुधवारी ‘आज निघालोच होतो’ असे ऐकले. शुक्रवारी ते खरोखर आले, दोन बिगारी होते, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी सव्वीसच्या सव्वीस गोल फोडून टाकले. मग गणपती बसले. गच्ची उघडी पडलेली, राडारोडा कोपऱ्यात, आणि गवंडी दिसेनासे झाले. सोलापूरला जूनचा पाऊस हुलकावणी देतो आणि सप्टेंबरचा कोसळतो, हे इथे जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांवर आमची ज्वारी उभी राहते. नेमक्या त्याच पावसात आमचा स्लॅब उघडा होता. आधी एका जागी गळत होते, आता चार जागी गळू लागले. रात्री मुलगी आणि मी पातेली बदलत होतो, आणि दिनदर्शिकेवर त्या पंधरवड्यात ‘ग’ हे अक्षर पाच वेळा आहे.

मला जे सांगायचे आहे ते नेमके इथे आहे. गणपतीत मंडळाचे काम असते, मिरवणुकीत लेझीम असते, माणसे त्यासाठी वर्षभर थांबलेली असतात. मी सोलापूरची आहे, मला हे समजत नाही का? त्यांनी पहिल्याच दिवशी ‘गणपती उठल्याशिवाय हात लावत नाही’ असे सांगितले असते, तर मी फोडकामच थांबवले असते, जुना कोबा वरून प्लॅस्टिक टाकून महिनाभर निभावला असता. खरी अडचण सांगितली असती तर तिच्याभोवती घराची मांडणी बदलता आली असती. न पाळलेल्या तारखेभोवती काहीच मांडता येत नाही.

शेजारच्या काकांचे प्रकरण याहून नाजूक. त्यांचे घर आणि आमचे घर यांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक सांधा आहे, दोन इमारती वेगवेगळ्या हलाव्यात म्हणून ठेवलेली बोटभर फट. तिच्यातला भरावा केव्हाच निघून गेलेला आहे. त्यांच्या गच्चीचा उतार त्या फटीकडे आहे आणि त्यांची पाण्याची टाकी भरून वाहिली की तेही पाणी तिथेच येते. फटीतून उतरलेले पाणी मात्र आमच्या भिंतीत मुरते, कारण आमची बाजू चार बोटे खाली आहे. ‘आमच्याकडे तर कुठं गळत नाही,’ हे काकांचे म्हणणे त्यामुळे खरे होते आणि तरीही त्याने काही सुटत नव्हते. गवंड्याचे म्हणणे असे की सांधा दोन्ही बाजूंनी खरवडून, आत लवचीक मसाला भरून, वर पत्र्याची टोपी बसवली तरच कोब्याला अर्थ आहे. निम्मा खर्च काकांचा म्हणजे साडेचार हजार रुपये, आणि त्यांच्या गच्चीवर एक दिवस काम करण्याची परवानगी.

मी जुलैत त्यांच्याकडे गेले. काकूंनी शेंगाची चटणी आणि दही-भाकरी पुढे केली, काका म्हणाले, ‘बघू की सूनबाई, आषाढीनंतर करून टाकू.’ आषाढीनंतर नागपंचमी झाली, नागपंचमीनंतर ‘पोरगा येतोय, त्याच्याशी बोलतो’ असे झाले, मग गौरी, मग पितृपक्षात नवे काम काढायचे नाही. आमच्यात कधी आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते असे मला मधून मधून वाटे, कारण रोज सकाळी हसून ‘चहा झाला का’ विचारणाऱ्या माणसाला पैशाची आठवण करून देणे हे भांडणापेक्षा जड जाते. सासूबाई म्हणाल्या, ‘वीस वर्षांचा शेजार आहे, तोडू नको.’ तोडायचा नव्हताच.

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी गच्चीवर साठलेले पाणी लोटत होते आणि काका त्यांच्या बाजूने कठड्याशी आले. थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘सूनबाई, खरं सांगू का? हिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हातात पैसाच राहिला नाही. तुला सांगायला लाज वाटत होती.’ मी त्यांना म्हटले की काका, जुलैत सांगितले असते तर मी सगळे पैसे घालून सांधा तेव्हाच भरला असता आणि तुम्ही वर्षभरात जमेल तसे दिले असते. ते म्हणाले, ‘हो, ते कळतंय आता.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः टाकीचा चेंडू बदलून घेतला, म्हणजे टाकी वाहायची थांबली, आणि गच्चीच्या दाराची किल्ली आमच्याकडे आणून दिली. त्या किल्लीला अजून लाल दोरा आहे.

आता मोटारीविषयी, कारण ती गोष्ट ज्यांच्या घरात जुनी गाडी उभी आहे त्यांच्या उपयोगाची आहे.

आमची मारुती ८०० ही २००९ च्या दिवाळीतली. त्यानंतर काही महिन्यांनी, एप्रिल २०१० पासून, देशातल्या तेरा शहरांत भारत स्टेज-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि त्या तेरा शहरांत दिल्ली, मुंबई, पुण्याबरोबर सोलापूरही होते. कंपनीने या मॉडेलचे इंजिन त्या निकषांत बसवायचे नाही असे ठरवले, म्हणून आमच्या शहरात नवी मारुती ८०० विकणे तिथेच थांबले. आमची ही सोलापुरात नवी घेतलेल्या अगदी शेवटच्या गाड्यांपैकी असणार. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून पहिला हप्ता भरला होता, बाकीचे कर्ज माझ्या नावावर आणि म्हणून गाडीही माझ्या नावावर. सासरे आता नाहीत. त्यांनी प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती एका बाडात तारखेनुसार लावून ठेवलेली होती. ते बाड मी गाडीबरोबर दिले नाही.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे आमच्या गाडीचे पासिंग ऑक्टोबर २०२४ मध्ये संपणार होते. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते, पण एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्कच पाच हजार रुपये झालेले आहे, वर पर्यावरण कर आणि गाडी तपासणीला आणण्यासाठी करावी लागणारी डागडुजी वेगळी. वापर कमी झालेला होता, म्हणून विकायचे ठरवले. आधी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवावा लागला. कर्ज २०१४ मध्येच फिटलेले होते, पण बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात दिल्याशिवाय बोजा आपोआप उतरत नाही, हे मला दहा वर्षे कळलेच नव्हते. कर्ज फिटल्याच्या आठवड्यातच हे काम उरकून टाकावे.

गाडी पाहायला पंधरा-सोळा माणसे आली असतील. एकाने बॉनेटही न उघडता निम्मी किंमत सांगितली, एकाने ‘संध्याकाळी पैसे घेऊन येतो, कोणाला देऊ नका’ म्हणून दोन गिऱ्हाइके परत पाठवायला लावली आणि तो आलाच नाही. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने तीस हजार देऊ केले. शेवटी एका तालुक्याच्या गावचे गृहस्थ आले, शेताकडे जायला-यायला गाडी हवी होती, अडतीस हजारांना व्यवहार ठरला. त्यांनी रोख मोजली, मी टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या केल्या, आरसी दिली, आणि ते म्हणाले, ‘आठ दिवसांत नावावर करून घेतो, मॅडम. काळजीच करू नका.’ मी दिनदर्शिकेवर आठव्या दिवशी ‘म’ लिहिले.

सप्टेंबरात कारखान्यात बसलेली असताना माझ्या मोबाइलवर चलनाचा संदेश आला. सीटबेल्ट न लावल्याबद्दल. गाडी माझी, क्रमांक एमएच-१३ चा तोच, आणि रस्ता असा की ज्यावर मी कधी गेलेले नाही. दंडाची रक्कम मोठी नव्हती. पण त्या क्षणी माझ्या लक्षात आले की कागदोपत्री ती गाडी अजून मीच चालवते आहे. रात्री बसून मी कायदा वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला तसे कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नाव चढवून घ्यायचे असते. म्हणजे कळवण्याची पहिली जबाबदारी माझीच होती, आणि मी मात्र सह्या करून सगळे कागद त्यांच्या हाती देऊन निर्धास्त झाले होते. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. त्या प्रकरणात गाडी हातोहात पुढे विकली गेलेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ज्याचे नाव नोंदवहीत होते त्या मूळ मालकावरच आली. विकल्याचा कागद दाखवून तो सुटला नाही. हे वाचल्यावर मला झोप लागली नाही. आमच्या गाडीने कोणाला धक्का दिला असता तर?

फोन केला की उत्तर ठरलेले, ‘एजंटाकडं दिलंय, होतंय की वो.’ तीन वेळा हे ऐकल्यावर एका रविवारी मी मुलीला घेऊन एसटीने त्यांच्या गावी गेले. घर शोधायला त्रास झाला नाही. गाडी दारातच उभी होती, पुसलेली, आरशाला मण्यांची माळ बांधलेली. ती पाहून बरे वाटले हे खोटे कशाला बोलू. त्यांच्या पत्नीने चहा केला. गृहस्थांनी फळीवरची एक पिशवी खाली काढली, तिच्यावर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि खताची पावती होती, आणि पिशवीत माझ्या सह्यांचे फॉर्म जसे दिले तसे, घडीही न मोडलेले. एजंट कोणी नव्हताच. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, ‘एक दिवस मोडतो, वर खर्च. सोयाबीन निघाल्यावर करू म्हटलं होतं.’

माणूस लबाड नव्हता. मी त्यांना समजावून सांगितले की पासिंग ऑक्टोबरात संपते, संपल्यावर आधी नूतनीकरण आणि मगच नाव चढेल, उशिराच्या प्रत्येक महिन्याला पाचशे रुपये वाढतील, आणि हा सगळा बोजा त्यांच्यावरच पडेल. आकडे ऐकल्यावर ते विचारात पडले. ‘तुम्ही दिवस सांगू नका,’ मी म्हटले, ‘मी रजा घेते, आपण आत्ताच ठरवू आणि दोघेही जाऊ.’ पुढच्या बुधवारी आम्ही विजापूर रस्त्यावरच्या परिवहन कार्यालयात भेटलो. ऑनलाइन अर्ज, आधारवर आलेले ओटीपी, चलनाचा भरणा, विम्याचा कागद. दोन तासांचे काम होते. जुलैपासून अडलेले दोन तासांचे काम.

जाता जाता एवढे सांगते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांसाठी नवे नियम लागू झालेले आहेत; अशा नोंदणीकृत व्यापाऱ्याला गाडी दिल्याची माहिती परिवहन खात्याच्या पोर्टलवर चढली की गाडी पुढे विकली जाईपर्यंतची जबाबदारी त्याची होते. त्या तीस हजारवाल्या व्यापाऱ्याकडे असे प्रमाणपत्र होते का हे मी विचारलेदेखील नाही, मला वरचे आठ हजार दिसत होते. आज मी आधी ते प्रमाणपत्र मागेन. शिवाय विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो; विक्रीनंतर विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवले तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला ती सवलत मिळते.

हे सगळे चालू असताना कारखान्यात काय चालले होते, ते सांगितल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. माझ्या टेबलासमोर एक लाकडी बाक आहे. त्यावर आमच्या सुताला रंग लावून देणारे एक वयस्कर गृहस्थ दर आठवड्याला येऊन बसतात. त्यांचे छोटे डाईंगचे काम आहे, चार-पाच माणसे आहेत, त्यांचा पगार आठवड्याला द्यावा लागतो. ते बाकावर टोपी काढून ठेवतात आणि विचारतात, ‘ताई, आज होईल का?’ आणि मी त्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे, ‘सोमवारी या.’ सोमवारी पैसे येतील की नाही हे मला माहीत नसते. मालक म्हणतात सोमवार सांगा, मी सोमवार सांगते. मालकांचाही दोष किती म्हणावा? बाहेरगावचे व्यापारी टॉवेल उचलतात, आम्ही बिल फाडले की जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरावाच लागतो, आणि व्यापाऱ्याचा पैसा तीन-तीन महिने येत नाही. तोही फोनवर सोमवारच सांगतो.

कायदा मात्र आता बदललेला आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या कलम ४३ब मध्ये अशी तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करायचे. मुदत उलटून ३१ मार्चला ते बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. या रंगवाल्या काकांकडे उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद, आहे. मी मालकांना कागदावर आकडे मांडून दाखवले की त्यांचे आणि त्यांच्यासारख्या सहा जणांचे पैसे अडकवून आपला कर किती वाढतो. ते ऐकून घेत होते. मग मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगताना माझा आवाज थोडा कापत होता, की यापुढे मी कोणालाही माझ्या मनाने सोमवार सांगणार नाही. माझ्या छतातून पाणी गळत होते आणि मीच रोज दहा वाजता टेबलावर बसून दुसऱ्याच्या घरात तेच करत होते, हे मला सहन होईनासे झाले होते.

मालक काही दिवस तुटक वागले. नंतर त्यांनी गुरुवारी दुपारी अर्धा तास बसायचे मान्य केले. बँकेत काय आहे आणि काय येणार आहे ते पाहून आम्ही यादी करतो. ज्याचे पैसे निघणार त्याला तारीख, ज्याचे निघणार नाहीत त्याला ‘या आठवड्यात नाही’ असा फोन. पहिल्यांदा मी रंगवाल्या काकांना ‘या आठवड्यात नाही’ म्हटले तेव्हा ते गप्प झाले, मला वाटले रागावले. मग म्हणाले, ‘बरं झालं सांगितलं. मी दुसरीकडून बघतो.’ त्या शुक्रवारी बाक रिकामा होता.

गच्चीचे काम कोजागरीनंतर पुरे झाले. कोजागरीला गवंडी तुळजापूरला चालत गेले होते, सोलापूरहून हजारो माणसे त्या रात्री चालत जातात तशी, आणि या वेळी त्यांनी ते आधी सांगितले होते, कारण नवरात्रात मी त्यांना दिनदर्शिका खाली काढून दाखवली होती. भांडण केले नाही. अकरा चौकटींवर बोट ठेवत गेले. त्यांनी दिनदर्शिका हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, ‘एवढ्या येळा बोललो का मी?’ तुळजापूरहून परतल्यावर त्यांनी नवा माल टाकला, कडेने विटेच्या चुऱ्याची आळी बांधून सात दिवस पाणी तुंबवून ठेवले, दोन टँकर लागले. सांधा भरताना काका त्यांच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते.

सासूबाईंच्या खोलीचा आतला गिलावा तेवढा राहिला होता. सळई घासून, रंग लावून ठेवलेली होती. दिवाळीच्या आधीच्या एका संध्याकाळी साडेसातला गवंड्यांचा फोन आला. ‘ताई, उद्या येत नाही वो. परांची दुसऱ्या कामावर अडकलीय. परवा सुटली तर परवा सकाळी सातला फोन करतो, नाही सुटली तरी करतो.’ मी त्यांना दोनदा धन्यवाद दिले, त्यांना बहुधा त्याचे नवल वाटले असावे. दुसऱ्या दिवशी मी रजा न टाकता कारखान्यात गेले आणि महिनाअखेरचा हिशेब संध्याकाळपर्यंत जुळवून आले. परवा सकाळी सातला सहा मिनिटे कमी असताना फोन वाजला. परांची सुटलेली नव्हती.